नोकरी करणारे आई-बाबा आणि मुलांची सुरक्षितता : ठरलेला बेत फसतो त्या दिवसाचे काय?

सात अठ्ठावन्न यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. मी फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करते आणि माझे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात, जिथे मोबाइल प्रवेशद्वारावरच जमा करावा लागतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. गेल्या वर्षापर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या आता गावी मोठ्या दिरांकडे गेल्या आहेत आणि तेव्हापासून आमचे घर घड्याळाच्या काट्यावर चालते.

मुलांची शाळा पूर्वी सकाळी सातला भरत असे, तेव्हा मुलांना व्हॅनमध्ये बसवून मी निवांत स्टेशन गाठायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊ वाजण्याआधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे, पण आता व्हॅन साडेआठला येते आणि माझी लोकल सात अठ्ठावन्नची आहे. यजमानांची पहिली पाळी असली की तो अर्धा तास शेजारच्या वहिनी सांभाळतात. दुपारी अडीचला व्हॅन मुलांना मागच्या इमारतीतल्या पाळणाघरात सोडते. तिथल्या ताई शाळेतून येणारी मुले दुपारी एकनंतरच घेतात.

गेल्या महिन्यात पावसामुळे शाळा अकराला सोडण्यात आली. तसा संदेश वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर साडेनऊला आला होता, परंतु त्याखाली 'ओके मॅडम' आणि 'थँक यू टीचर' असे साठ-सत्तर संदेश साचले होते आणि माझा फोन बैठकीमुळे पर्समध्ये मुका होऊन पडला होता. व्हॅनवाल्या काकांनी मुलांना इमारतीच्या फाटकाशी उतरवले. पाळणाघराला कुलूप होते आणि वहिनी माहेरी गेलेल्या होत्या. दोन्ही मुले आमच्या बंद दारासमोर जिन्यात बसून राहिली. सव्वा तासाने चौथ्या मजल्यावरचे आजोबा खाली उतरताना त्यांना दिसली. आजोबांनी घरी चला म्हटले, तर मुलगी हलेना. शेवटी त्यांनी तिथेच खुर्ची टाकली, मुलांना पाणी आणि बिस्किटे आणून दिली आणि माझा फोन लागेपर्यंत ते जिन्यातच बसून राहिले.

रात्री मी मुलीला विचारले की तू आजोबांबरोबर का गेली नाहीस. ती म्हणाली, "तूच सांगितलंस ना, कोणाच्याही घरात जायचं नाही." मला पुढे काही बोलताच आले नाही.

आता आम्ही दोघेही गोंधळलो आहोत. मुलीकडे किल्ली द्यावी का, नऊ वर्षांच्या मुलीला साधा फोन द्यावा का, घरात कॅमेरा बसवावा का आणि मुळात रोजची घडी नीट बसलेली असताना ती एखाद्या दिवशी विस्कटते तेव्हा काय करायचे, हे आपापल्या अनुभवातून सांगावे. नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो घरून मिळून झाला आहे.

---

शनिवारवाला, पुणे

तुमच्या प्रसंगातली पहिली चूक संदेशाची आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहितो. आमच्याकडेही तो गट होता आणि आम्ही दोघेही त्यात होतो. दोघांनाही वाटायचे की दुसऱ्याने वाचले असेल, त्यामुळे प्रत्यक्षात कोणीच वाचत नव्हते. आता आम्ही आठवडे वाटून घेतले आहेत. ज्याचा आठवडा असेल त्याने शाळेच्या संदेशांना वेगळी घंटी लावायची, बाकी फोन मुका असला तरी ती वाजू द्यायची आणि संदेश वाचल्यावर दुसऱ्याला एका ओळीत कळवायचे. ती ओळ आली नाही तर दुसऱ्याने विचारायचे. तुमच्या यजमानांना फोन जवळ ठेवता येत नसला तरी कारखान्याच्या गेटवर आणि टाइम ऑफिसमध्ये लँडलाइन असते आणि घरचा तातडीचा निरोप आत पोहोचवला जातो. तो क्रमांक तुमच्याकडे आहे का? माझ्या बायकोकडे माझ्या कंपनीचा नव्हता, आणि ते आम्हाला सहा वर्षांनी कळले.

शनिवारी रात्री जेवणानंतर आम्ही वीस मिनिटे पुढच्या आठवड्यावर घालवतो. कोणाची पाळी कधी, सुट्टी कोणत्या दिवशी, मुलाचा गणवेश कोणता, कामाच्या मावशी कधी येणार नाहीत, हे सगळे फ्रिजवरच्या एकाच कागदावर लिहिले जाते. अॅप वापरून पाहिली, पण ती माझ्या फोनमध्ये राहायची आणि घरातल्या इतरांना दिसायची नाहीत. कागद मुलालाही वाचता येतो, आणि "बाबा, आज तुझी पाळी आहे" असे तो ऐकवतो तेव्हा पळवाट उरत नाही.

किल्लीबद्दल माझे मत असे की नऊ वर्षांच्या मुलीला अर्धा तास घरी राहायला हरकत नसावी. आम्ही त्या वयात भावंडांना सांभाळून दळणही आणत होतो.

---

जुनी डोंबिवली

ताई, तुमची मुलगी चुकली नाही. तिला काय करायचे नाही एवढेच माहीत होते आणि ते तिने चोख पाळले. काय करायचे हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. मी हे अधिकाराने लिहिते आहे, कारण माझ्या हातूनही हेच झाले होते.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी तेव्हा चर्चगेटजवळच्या एका सरकारी कार्यालयात होते. माझी मुले तेव्हा अकरा आणि सहा वर्षांची होती. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रात कळले. त्या दुपारी एवढेच दिसत होते की गाड्या थांबल्या आहेत आणि फोन लागत नाहीत. ती रात्र मी कार्यालयातल्या फायलींच्या टेबलावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले ते थोडे बसने, बरेचसे रुळांवरून चालत आणि शेवटचा टप्पा एका टेम्पोतून करत संध्याकाळी घरी पोहोचले. पाळणाघर तळमजल्यावर होते आणि तिथे गुडघाभर गाळ होता, पण मुले नव्हती. त्या क्षणाविषयी मी लिहीत नाही.

मुले समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. पाणी शिरू लागल्यावर पाळणाघराच्या बाईंनी सगळ्या मुलांना उचलून वर नेले होते आणि ज्या घरात जागा होती तिथे ठेवले होते. मी आत गेले तेव्हा माझा धाकटा मुगाची खिचडी खात बसला होता. ज्या बाईंनी ती वाढली होती त्यांना मी चार वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन घरोघर गेले आणि आमच्या घरासाठी तीन दारे पक्की केली. पहिले दार आपल्याच मजल्यावरचे किंवा जिन्यातले, जिथे बहुतेक वेळा कोणी ना कोणी असते आणि जिथे आपल्या घराची एक किल्ली राहते. दुसरे दार चालत जाता येईल अशा अंतरावरचे, पण दुसऱ्या इमारतीतले, कारण वीज, पाणी, लिफ्ट यांपैकी काही बिघडले तर ते एका इमारतीत सगळ्यांचेच बिघडते. तिसरे दार म्हणजे गावाबाहेरचा एक फोन. आमच्यासाठी ती नाशिकची नणंद होती. इथल्या इथे फोन लागत नसला तरी बाहेरगावी कधी कधी लागतो, मग मी तिला कळवायचे, मुलांनीही तिलाच कळवायचे आणि निरोपांची गाठ तिच्याकडे पडायची. पुढे दोन-तीन वेळा त्याचा उपयोग झाला, अगदी साध्या ओव्हरहेड वायर तुटण्याच्या दिवशीसुद्धा.

महत्त्वाचे म्हणजे मुलांना त्या दारांपर्यंत हाताला धरून नेले. "आई-बाबा नसले, दार बंद असले तर आधी इथे, इथे कोणी नसेल तर तिथे, आणि या दोन घरांखेरीज कुठेही नाही," असे त्या घरातल्या माणसांच्या देखतच सांगितले. त्यामुळे त्या माणसांनाही आपली जबाबदारी कळली. वहिनींवर भार पडतो असे वाटत असेल तर त्यांच्या वेळेला आपणही उभे राहावे, एवढाच त्याचा हिशोब आहे.

किल्ली मुलीच्या गळ्यात किंवा दप्तराला बाहेरून लटकेल अशी कधीही देऊ नका. गळ्यातली किल्ली पाहून घरी कोणी नाही हे रस्त्यावरच्या कोणालाही कळते. आणखी एक, दोन्ही मुलांना तुमचे दोघांचे फोन क्रमांक तोंडपाठ आहेत का, हे आज रात्रीच विचारून पाहा. हल्ली मोठ्या माणसांनाही एकमेकांचे क्रमांक पाठ नसतात. आम्ही पाढ्यांबरोबर क्रमांकही म्हणून घेत होतो.

---

निळा गणवेश, नाशिक

मी बालरोग विभागात परिचारिका आहे. शनिवारवाला यांच्याशी एका बाबतीत माझा स्पष्ट मतभेद आहे. मुलाला घरी एकटे ठेवण्यासाठी अमुक एक वय हवे असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे निर्णय पालकांनाच करावा लागतो हे खरे. समजूतदार नऊ वर्षांची मुलगी स्वतः अर्धा तास घरी बसू शकेलही. परंतु तिच्यावर पाच वर्षांच्या भावाची जबाबदारी टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. भावाला भूक लागली की ती दूध तापवायला उठते, आणि आमच्याकडे भाजून येणाऱ्या मुलांची कहाणी पुष्कळदा अशाच चांगल्या हेतूने सुरू होते. पूर्वी आम्ही सांभाळायचो असे म्हणताना आपण हे विसरतो की तेव्हा वाड्यात दहा जण असत आणि दारे दिवसभर उघडी असत.

तरीही घर असे असावे की चुकून मुले पाच मिनिटे एकटी राहिली तरी निभावून जावे. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक फ्रिजवरच्या त्या कागदावर लिहावा. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो आधी बाहेर हलवावा. बंद न्हाणीघरात त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. बाल्कनीत मोडा, कुंडी, वर्तमानपत्रांची रद्दी असे काहीही चढता येण्याजोगे ठेवू नये. पाणी एक दिवसाआड येते म्हणून भरून ठेवलेल्या पिंपांना घट्ट झाकणे असावीत, कारण रांगणाऱ्या मुलाला बुडायला अर्धी बादलीही पुरते. साडीचा किंवा ओढणीचा झोका बांधून मोठी मुले खेळतात तेव्हा त्याला पीळ बसून गळ्याला फास लागतो. खेळ संपला की झोका सोडून ठेवावा.

ज्या वस्तूंची पालकांना कल्पनाच नसते त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहिते. रिमोटमधली आणि खेळण्यातली चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांत खोल जखम करू शकते, तेव्हा शीतून पडेल याची वाट न पाहता तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. उंदीर मारण्याचे एक मलम टूथपेस्टसारख्या नळीत मिळते आणि त्यातल्या पिवळ्या फॉस्फरसने यकृत निकामी होते. पहिले एक-दोन दिवस मूल बरे दिसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. असे मलम लहान मुले असलेल्या घरात आणूच नये. फिनेल, अॅसिड, टर्पेंटाइन या गोष्टी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय मी डॉक्टरांच्या घरातही पाहिली आहे. असे काही मुलाच्या पोटात गेले तर त्याला ओकारी काढायला लावू नये.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. नळाचे गार पाणी वीस मिनिटे त्या जागेवर सोडावे आणि मग दवाखाना गाठावा. वीस मिनिटे म्हणजे किती, हे एकदा घड्याळ लावून पाहा. मूल रडत असताना तीन मिनिटांनीच पुरे झाले असे वाटते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२, हे दोन क्रमांक नऊ वर्षांच्या मुलीला यायलाच हवेत.

---

पाळणाघरवाल्या काकू, ठाणे

एकवीस वर्षे पाळणाघर चालवते आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. तुमच्या पाळणाघराच्या ताईंनी एकनंतर मुले घेण्याचे ठरवले असेल तर अकराला कुलूप असणे ही त्यांची चूक नाही, पण "शाळा लवकर सुटली तर काय" हा प्रश्न तुम्ही दोघींनी प्रवेशाच्या दिवशीच एकमेकींना विचारायला हवा होता. मी आता तो अर्जातच छापला आहे.

पालक येतात तेव्हा भिंतीवरची चित्रे आणि खेळणी पाहतात. त्यांनी संडासाची कडी पाहावी, ती मुलांना आतून लावता येते का आणि बाहेरून उघडता येते का ते तपासावे. खिडकीला जाळी आहे का, दुपारी मुले झोपतात त्या खोलीत कोण असते, घरात पुरुष मंडळी किती वाजता येतात-जातात, बाई आजारी पडल्या तर मदतीला कोण असते, हे संकोच न करता विचारावे. न सांगता कधीतरी दुपारी तीन वाजता यावे. ज्या पाळणाघराला त्याचा राग येतो तिथे मूल ठेवू नये. मुले सांभाळणाऱ्या मदतनीस बाईंची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही पाहावे.

मूल कोणाच्या हाती द्यायचे, याची माझ्याकडे वही आहे. तीत आई-बाबांखेरीज जास्तीत जास्त तीन नावे, त्यांचे छायाचित्र आणि पालकांची सही असते. एकदा एका मुलीचा सख्खा मामा पुण्याहून आला होता आणि तिला घेऊन जातो म्हणाला. मुलगी त्याला पाहून नाचत होती, पण त्याचे नाव वहीत नव्हते आणि तिच्या आईचा फोन लागत नव्हता. मी मुलगी दिली नाही. त्याला चहा दिला आणि आई येईपर्यंत दीड तास दोघांनाही इथेच बसवून ठेवले. तो फार चिडला होता आणि त्यांच्याकडच्या एका समारंभाचे बोलावणे मला आले नाही. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी तसेच करीन.

आणि आता माझी एक तक्रार. सकाळी अंगात ताप असलेल्या मुलाला औषध पाजून, गाल पुसून, हसतमुखाने माझ्या दारात सोडले जाते. औषध साडेसातला दिलेले असले की बाराच्या सुमारास त्याचा अंमल उतरतो आणि मूल माझ्या मांडीवर तापते. तोवर ते इतर आठ मुलांबरोबर खेळलेले असते. विचारले तर "सकाळी काहीच नव्हतं हो काकू." रजा मिळत नाही हे मला समजते, मीही नोकरी केली आहे. पण निदान सांगून ठेवा. किती वाजता, कोणते, किती दिले, एवढे एका चिठ्ठीवर लिहिले तर मी त्याला वेगळे निजवीन आणि दुसरा डोस चुकून लवकर दिला जाणार नाही. कोणी न सांगितल्यामुळे दोनदा औषध जाणे ही भीती मला पावसापेक्षा मोठी वाटते.

कॅमेऱ्याविषयी विचारले आहे. दारातल्या कॅमेऱ्याला माझी ना नाही. पण मुलांच्या खोलीतले चित्र दिवसभर फोनवर पाहत बसणाऱ्या पालकांचे कामही होत नाही आणि सांभाळणाऱ्या बाईचा हातही मोकळा राहत नाही. शिवाय कपडे बदलणाऱ्या मुलांचे चित्रण कोणाच्या फोनमध्ये जाते यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

---

खडू आणि फळा

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. अतिवृष्टीच्या सुट्टीचा आदेश आमच्याकडेही ऐनवेळी येतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे. मात्र हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा बहुधा आदल्या दिवशीच जाहीर झालेला असतो. तो पाहून रात्रीच ठरवावे की उद्या मुले पाठवायची का, आणि पाठवली तर दुपारपर्यंत गावात कोण आहे. संदेशांच्या ढिगाचा उपाय शाळेच्या हातात आहे. सूचनांचा गट केवळ शिक्षकांनाच लिहिता येईल असा करावा, ही मागणी पालक सभेत लेखी मांडा. आमच्या शाळेत ती एका आईच्या अर्जाने दहा मिनिटांत मान्य झाली.

स्कूल बसविषयी राज्याचे २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे आणि तिच्यात पालकांचे प्रतिनिधीही असतात. मुले फाटकाशी उतरवून व्हॅन निघून जाते, हा प्रश्न त्या समितीपुढे नेण्याचा आहे. घ्यायला कोणी नसेल तर मुलांना व्हॅनमध्येच ठेवून शाळेत परत आणावे आणि शाळेने फोन करावा, असे लेखी ठरवून घ्या. त्याचप्रमाणे शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती आहे का, तेही विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीला आल्यानंतर या गोष्टींची चौकशी वाढली आहे, आणि ती वाढलेलीच राहावी.

त्याच ओघात एक अवघड विषय. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढे शिकवून आपण थांबतो, परंतु मुलांना त्रास देणारी व्यक्ती अनेकदा ओळखीतलीच असते. म्हणून तीन दारांच्या योजनेला मी एक जोड सुचवतो. त्या घरांतसुद्धा काही नकोसे वाटले तर नाही म्हणायचे, निघून यायचे आणि आईला सांगायचे. कोणी "हे आपलं गुपित" म्हणाले तर ते आधी सांगायचे. मूल असे काही बोलले तर त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका आणि त्याच्यासमोर आरडाओरडा करू नका. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; "बदनामी होईल" हे कारण त्या कायद्यात बसत नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि मूल स्वतःसुद्धा तिला फोन करू शकते.

लहानशी सूचना आणखी एक. घरातल्या चौघांपुरता एक सांकेतिक शब्द ठरवा. "आईने पाठवलंय" असे म्हणणाऱ्या कोणालाही मुलांनी तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर त्याच्याबरोबर जायचे नाही, मग तो ओळखीचा का असेना.

---

शनिवारवाला, पुणे

परिचारिका ताईंचे म्हणणे वाचून मी दळणाचे वाक्य मागे घेतो. वाड्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

एक राहिले होते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. डोंबिवलीहून पाच वर्षांच्या मुलाला गर्दीच्या लोकलमधून फोर्टला नेणे शहाणपणाचे नाही हे मान्य, परंतु तुमच्या कार्यालयात अशी सोय असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत किंवा पाळणाघराच्या ताई गावी गेल्या असताना एखादा दिवस काढता येईल. विचारायला काही लागत नाही.

---

सात अठ्ठावन्न यांचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनी

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले आणि काय राहिले ते लिहिते.

पहिले दार चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचे ठरले. मी विचारायला गेले तेव्हा आजी आतून म्हणाल्या, "अहो, मी त्या दिवशीच म्हटलं होतं, किल्ली आमच्याकडे ठेवा." दुसरे दार पाळणाघराच्या ताईंच्या जाऊबाईंचे आहे, त्या पुढच्या गल्लीत राहतात. तिसरा फोन गावी सासूबाईंचा. आपण अजून उपयोगी आहोत या कल्पनेने त्या एवढ्या खूश झाल्या आहेत की रोज दुपारी तीनला स्वतःच फोन करून "पोरं पोचली का" असे विचारतात. कार्यालयात तीन वाजता वाजणाऱ्या त्या फोनची आता सगळ्यांना सवय झाली आहे.

यजमानांच्या टाइम ऑफिसचा क्रमांक मिळाला. फ्रिजवर कागद लागला. न्हाणीघरातला गीझर बाहेर काढायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे, तोवर दार बंद करून आंघोळ नाही. उंदराचे ते मलम आमच्याच ओट्याखाली निघाले, दोन वर्षांपूर्वी आणलेले. मुलीला फोन सध्या दिलेला नाही. तिला चार क्रमांक पाठ झाले आहेत. किल्लीही तिच्याकडे नाही. कार्यालयात पाळणाघराची चौकशी केली असता "अद्याप कोणी मागणी केलेली नाही" असे उत्तर मिळाले, म्हणून आम्ही सात जणींनी सह्या करून अर्ज दिला आहे. व्हॅनविषयीचा अर्ज परिवहन समितीकडे आहे. सभा अजून लागलेली नाही.

गेल्या शनिवारी आम्ही रंगीत तालीम केली. मुलांना फाटकाशी सोडून मी कोपऱ्यावरच्या दुकानाआड उभी राहिले. मुलीने भावाचा हात धरला, आपले दार बंद असल्याची खात्री केली, चौथ्या मजल्यावर जाऊन घंटी वाजवली आणि आजोबांनी दार उघडताच "आम्ही ठरल्याप्रमाणे आलो आहोत" असे गंभीरपणे सांगितले. तिथपर्यंत सगळे उत्तम झाले.

अडचण सांकेतिक शब्दाची आहे. मुलांनी फार चर्चा करून 'पाटवडी' हा शब्द निवडला होता. काल संध्याकाळी पाळणाघरातून मुलांना आणायला गेले, तर व्हॅनवाले काका रस्त्यात भेटले आणि माझ्या मुलाकडे पाहून हसत म्हणाले, "काय पाटवडी, उद्या वेळेवर या बरं का." चौकशीअंती कळले की चिरंजीवांनी तो शब्द व्हॅनमधल्या अकरा मुलांना, "कोणाला सांगू नका" अशी ताकीद देऊन, एकेकाच्या कानात सांगितला होता. नवा शब्द ठरवला आहे, पण तूर्त तो फक्त मुलीला माहीत आहे.